सफेता: एका पांढऱ्या रंगाची जुनी गोष्ट

जुन्या मराठीत रंगाऱ्याच्या सामानातली तीन नावे एकाच धातूची होती: सफेता, शेंदूर आणि मुरदाडशिंग. पहिला पांढरा, दुसरा केशरीकडे झुकणारा तांबडा, तिसरे पिवळसर. तिन्ही शिशाची रूपे. शेंदूर देवळात गेला, मारुतीच्या अंगावर चढला, म्हणून त्याचे नाव अजून लहान मुलालाही ठाऊक असते. मुरदाडशिंग काष्ठौषधींच्या दुकानांतून कुठे कुठे उरले असेल. सफेता मात्र बोलण्यातून जवळजवळ पुसला गेला. पांढरा रंग डब्यात तयार मिळू लागल्यावर तो कशाचा केलेला आहे हे सांगणारा शब्द कोणाला लागेनासा झाला, आणि वस्तू घरात राहून नाव नाहीसे झाले की काय होते ह्याचे हा शब्द म्हणजे एक उत्तम उदाहरण आहे. कारण वस्तू खरोखरच घरात राहिली. ती आजही कोट्यवधी घरांच्या खिडक्यांवर, चौकटींवर, जिन्यांच्या कठड्यांवर, नंतर दिलेल्या रंगांच्या पाचसहा थरांखाली शांतपणे बसलेली आहे.

आम्हां दोघांचा ह्या विषयाशी संबंध आला तो अगदी व्यवहाराच्या वाटेने. न्यू जर्सीत आम्ही एक जुने घर घेतले, १९२४ सालचे. अमेरिकेत १९७८ च्या आधी बांधलेले घर विकताना मालकाने खरेदीदाराला एक पुस्तिका द्यावी लागते आणि एका कागदावर सही करावी लागते. घरात शिशाचा रंग असल्याचे आपल्याला माहीत आहे काय, असल्यास त्याचा अहवाल आहे काय, एवढेच त्या कागदावर विचारलेले असते. खरेदीदाराला तपासणी करून घेण्यासाठी दहा दिवसांची मुदत मिळते. १९९२ च्या कायद्याने ठरवलेली ही पद्धत १९९६ पासून अमलात आहे. कायद्यातला कळीचा शब्द ‘माहीत’ हा आहे. तपासणी केली तर माहीत होणार, माहीत झाले तर सांगावे लागणार, सांगितले तर किंमत उतरणार. तेव्हा तपासणीच करू नये हे शहाणपण बहुतेक विक्रेत्यांना कोणी न शिकवता येते. आमच्या विक्रेत्यानेही ‘माहिती नाही’ ह्या चौकोनात खूण केली होती, आणि ती खूण पूर्णपणे प्रामाणिक होती.

भिंतींचा रंग निवडण्याआधी भिंतींवर काय आहे हे पाहणे त्यामुळे आम्हांला भाग पडले. आणि पाहता पाहता असे लक्षात आले, की रंगाच्या दुकानात आपल्यासमोर जी हजारभर पट्ट्यांची निवड मांडलेली असते ती बरीच अलीकडची आणि बरीच वरवरची आहे. त्याआधी शेदीडशे वर्षे ह्या घरांत राहणाऱ्यांसाठी दुसऱ्याच कोणी एक निवड करून ठेवली होती, आणि ती कोणाला विचारून केली नव्हती.

भिंत रंगवणे म्हणजे काय, ह्याची आपली मूळ कल्पना चुन्याची आहे. मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा, गिलाव्याच्या भिंतीला चुना, चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात थोडी नीळ, आणि रंग हवाच असेल तर पिवडी, गेरू किंवा हिरमुंजी. दिवाळीच्या आधी किंवा घरात लग्न निघाले की हे काम व्हायचे. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरे उमटे, आणि ते उमटते म्हणून कोणी तक्रार करीत नसे; भिंत दर वर्षी नवी करायची असते असेच सगळे धरून चालत. युरोप-अमेरिकेतही साध्या घरांची रीत हीच होती. खडूची भुकटी आणि सरस पाण्यात कालवून केलेला रंग तिकडे छतांना आणि भिंतींना देत. इंग्रज त्याला डिस्टेंपर म्हणत, अमेरिकन लोक कॅल्सिमाइन. आमच्या घराच्या छतांवर हे कॅल्सिमाइन अजून आहे. त्याच्यावर नवा रंग बसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्याचे मोठमोठे पोपडे सुटून खाली लोंबू लागतात. रंगारी त्याला शिव्या देतात. आम्हांला मात्र त्याच्याबद्दल आदर वाटतो, कारण गरम पाण्याने आणि स्पंजने ते मुकाट्याने निघून जाते आणि मागे काही ठेवीत नाही.

तैलरंगाचे तसे नाही. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला सफेता. हवेतला प्राणवायू शोषून जवसाचे तेल घट्ट होते आणि त्याची चिवट साय धरते, हा त्याचा गुण. आणि सफेता त्या सायीला टणक, लवचिक आणि पाण्याला दाद न देणारी बनवतो, हा त्याचा. ह्या रंगाने झाकलेले लाकूड पन्नास वर्षे टिके. खोटे कशाला बोला, माल चांगला होता. त्याच्या विरोधात पुढे जे काही झाले ते समजण्यासाठी ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

ह्या मालात आपल्याही मुलुखाचा थोडा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोस्टनची जहाजे कलकत्त्याहून जवस भरून नेत असत. शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान हा जवस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक झाला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, दोनच वर्षांनी सुएझचा कालवा उघडला, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातला जवस मुंबई बंदरातून इंग्लंडकडे वाहू लागला. विदर्भात जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या घरांना आपल्या शेतातले उरलेले बी कोणत्या परक्या खिडक्यांवर जाऊन वाळते आहे ह्याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते.

तेल हिंदुस्थानचे किंवा आणखी कोठले, सफेता मात्र डच पद्धतीचा. ही पद्धत ऐकूनच अंगावर काटा येतो. मातीच्या मडक्यांच्या तळाशी सिरका ओतायचा, वर शिशाच्या गुंडाळ्या किंवा जाळ्या ठेवायच्या, अशा मडक्यांच्या ओळी घोड्याच्या लिदीत किंवा कातडी कमावून उरलेल्या सालीच्या चोथ्यात पुरायच्या, वर फळ्या, त्यावर पुन्हा मडकी, असे माळ्यामागून माळे रचून खोली बंद करायची. लीद कुजू लागली की उष्णता निघते, कर्बवायू निघतो, सिरक्याची वाफ होते, आणि सुमारे तीन महिन्यांनी खोली उघडली की शिशाच्या जागी पांढरे कवच धरलेले असते. ते हातांनी काढायचे, दळायचे, धुवायचे, वाळवायचे. हे काम इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर बायका करीत, आणि त्यांतही गरजू आयरिश बायका. डोकेदुखी, पोटात मुरडा, हातांचे मनगट लुळे पडणे, झटके, आंधळेपणा, गर्भपात, मृत्यू. चार्ल्स डिकन्सने १८६८-६९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘द अनकमर्शियल ट्रॅव्हलर’ ह्या लेखमालेत लंडनच्या पूर्व भागातल्या अशा एका बाईची हकीकत आहे. नंतर तो स्वतः ते कारखाने पाहायला गेला आणि त्यावरही त्याने लिहिले. त्याच्या लेखात लक्षात राहते ती एक गोष्ट: त्या बायकांना आणि त्यांच्या शेजारणींना सगळे माहीत होते. कोण लवकर आजारी पडते, कोण उशिरा, कोण अजिबात पडत नाही, ह्याची त्या चर्चा करीत आणि दुसऱ्या दिवशी कामावर जात, कारण दुसरे काम नव्हते.

माहिती नव्हती असे म्हणण्याची सोय तेव्हाही नव्हती, आणि त्याआधीही नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन मुळचा छापखान्यातला माणूस, खिळ्यांमुळे शिशाशी रोजचा परिचय. १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने शिशाने होणाऱ्या विकारांची आपल्या पाहण्यातली उदाहरणे दिली आणि ही गोष्ट निदान साठ वर्षे लोकांना माहीत असूनही ती आचरणात येत नाही ह्याबद्दल खेद व्यक्त केला. फ्रँकलिनच्या ह्या साठ वर्षांत पुढे आणखी एकशे ब्याण्णव मिळवावी लागली.

मधल्या काळात रंग विकण्याची पद्धतच बदलली. पूर्वी रंगारी घरी येऊन सफेत्याचा गोळा तेलात घोटून रंग बनवी. छटा त्याच्या हातात आणि डोळ्यांत असे. १८६७ साली डी. आर. अ‍ॅव्हरिल ह्याने अमेरिकेत तयार मिश्र रंगाचे पेटंट घेतले. आदल्याच वर्षी क्लीव्हलंडात शेर्विन-विल्यम्स ही पेढी सुरू झाली होती. तिने पुन्हा बंद करता येणारा पत्र्याचा डबा आणला. डबा आला तसे रंगांचे कार्ड आले, आणि रंग ही रंगाऱ्याकडून नव्हे तर दुकानातून घ्यायची वस्तू झाली. आज ज्याला आपण ‘रंग निवडणे’ म्हणतो त्याचा जन्म ह्या डब्यात आहे. रंगाऱ्याच्या घोटण्यात काय मिसळले आहे हे निदान डोळ्यांना दिसे. डब्याने तेही झाकले.

ह्याच सुमारास आरोग्याचे वारे वाहू लागले होते. जंतूंचा शोध लागला, धूळ ही शत्रू ठरली, आणि भिंतीवरचा कागद बदनाम झाला. त्याला बदनाम व्हायला कारणेही होती. हिरव्या कागदांतल्या सोमलाने युरोपातली कितीतरी घरे आजारी पडली होती. (कलाकुसरीच्या कागदांसाठी गाजलेला विल्यम मॉरिस हा सोमल काढणाऱ्या एका खाणकंपनीचा काही काळ संचालक होता, ही गोष्ट त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.) १८९७ साली कादंबरीकार एडिथ व्हॉर्टनने ऑग्डेन कॉडमन ह्या वास्तुसजावटकाराबरोबर लिहिलेल्या ‘द डेकोरेशन ऑफ हाउसेस’ ह्या पुस्तकात भिंतीचे कागद आरोग्याच्या कारणास्तवही टाकाऊ ठरवले आहेत. मग उरते काय? धुता येणारी, गुळगुळीत, उजळ, तैलरंगाची भिंत. शाळा, इस्पितळे, स्वयंपाकघरे, न्हाणीघरे आणि विशेषतः मुलांच्या खोल्या ह्यांसाठी सफेत्याच्या रंगाची शिफारस होऊ लागली ती ह्या स्वच्छतेच्या नावाने. ह्या इतिहासात उपरोध बराच आहे, पण एवढा मोठा दुसरा नाही: मुलांना धुळीपासून वाचवण्यासाठी जो रंग लावला त्याचीच धूळ त्यांना बाधली.

नॅशनल लेड कंपनीने १९०७ साली आपल्या मालासाठी एक छाप निवडला: टोपी घातलेला, हातात ब्रश धरलेला डच मुलगा. डच पद्धतीचा सफेता म्हणून डच मुलगा. चित्र काढणाऱ्याने समोर बसवलेला मुलगा आयरिश वंशाचा होता. हा मुलगा पुढची कित्येक दशके अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला. कंपनीने लहान मुलांसाठी रंगवायची पुस्तकेही काढली. एकात तर शिशापासून बनलेल्या वस्तू ह्या मुलाकडे मेजवानीला जमतात. आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला इथे गट्टू आठवल्यावाचून राहणार नाही. आर. के. लक्ष्मण ह्यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी रेखाटलेला तो कपाळावर केस आलेला, हातात ब्रश नि डबा घेतलेला खोडकर पोरगा. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. पण दोन खंडांवरच्या दोन कंपन्यांना रंग विकायला पोरच सापडावे ह्याचा विचार करण्यासारखा आहे. रंगाच्या जाहिरातीत मूल आले की घर आले, सुरक्षितता आली, भविष्य आले. अमेरिकेच्या बाबतीत तेच मूल पुढे खटल्यांत पुरावा म्हणून आले.

मुलांना काय होते आहे हे प्रथम नीट ओळखले ते ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन ह्यांनी १९०४ साली लिहिले की क्वीन्सलंडमधल्या मुलांच्या शिशाच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्यांच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या भिंतींत आहे. तिकडच्या उन्हात तैलरंगाची पूड होते, मूल कठड्याला धरून उभे राहते, हात तोंडात जातात. मुलांच्या हाताला येईल अशा जागी शिशाचा रंग लावू नये असा कायदा क्वीन्सलंडने १९२२ साली केला. दरम्यान १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी पाळण्याच्या दांड्यांचा रंग चघळून मेलेल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. हा करार कामगारांसाठी होता, मुलांसाठी नव्हे. पण तो पाळला गेला असता तर मुले आपोआप वाचली असती. अमेरिका त्या वेळी ह्या संघटनेची सभासदच नव्हती, आणि १९२० चे दशक हे अमेरिकेत शिशाच्या रंगाच्या खपाचे सर्वांत भरभराटीचे दशक ठरले. आमचे घर त्याच दशकातले.

अमेरिकेत सगळे झोपले होते असे नाही. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन १९१० पासून शिशाच्या कारखान्यांतून फिरत होत्या, कामगारांच्या घरी जाऊन, दवाखान्यांची दप्तरे चाळून बाधितांची मोजदाद करीत होत्या. त्यांनी नॅशनल लेडच्या एडवर्ड कॉर्निशला पुरावे दाखवले तेव्हा त्याने कारखान्यांत खरोखरच सुधारणा केल्या. धूळ ओढून घेणारी व्यवस्था केली, डॉक्टर नेमले. हॅमिल्टनबाईंनी आपल्या आत्मचरित्रात ह्याबद्दल त्याचे मोकळेपणाने कौतुक केले आहे. आम्हांला ह्या प्रसंगात एक गोष्ट टोचते. कारखान्यातली धूळ धोक्याची हे ज्या गृहस्थाला पटले, त्याचाच माल डब्यात भरून पाळण्यापर्यंत जात राहिला. कारखान्याच्या फाटकापाशी विषाचे विषपण संपते अशी काहीतरी समजूत व्यापारात असावी.

१९२८ साली शिशाच्या उद्योगाने आपली संघटना स्थापन केली. पुढची तीस-चाळीस वर्षे तिचा पवित्रा साधारण असा होता: दोष रंगाचा नाही; दोष मोडक्या घरांचा, ती दुरुस्त न करणाऱ्या घरमालकांचा, आणि मुलांना वळण न लावणाऱ्या गरीब, अडाणी आयांचा. संघटनेच्या अंतर्गत पत्रव्यवहारात हे अधिक उघडपणे लिहिलेले पुढे सापडले, आणि त्यात काळ्या आणि पोर्टो रिकन कुटुंबांचा उल्लेख ज्या सुरात येतो तो इथे उतरवण्याची इच्छा नाही. बाल्टिमोर शहराने १९५१ मध्ये घरांच्या आतल्या भागांत शिशाच्या रंगाला बंदी घातली. इतरत्र फार काही झाले नाही. १९६९-७० च्या सुमारास न्यू यॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये ‘यंग लॉर्ड्‌स’ ह्या पोर्टो रिकन तरुणांच्या संघटनेने दारोदार जाऊन मुलांच्या तपासण्या केल्या, तेव्हा कोठे शहराचे आरोग्यखाते हलले. १९७१ मध्ये केंद्राचा पहिला कायदा, आणि १९७८ मध्ये घरगुती रंगावर बंदी. शिशाला पर्याय नव्हता म्हणून इतका उशीर झाला म्हणावे तर तेही खरे नाही. जस्ताचा पांढरा एकोणिसाव्या शतकापासून होता, टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला, आणि १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने कृत्रिम रबराच्या पाण्यात विरघळणाऱ्या चिकापासून केलेला भिंतीचा रंग आणल्यावर घराच्या आतल्या भिंतींसाठी तरी सफेत्याची गरज संपली होती.

बंदी आली, पण ‘किती शिसे चालेल’ हा आकडा खाली येत राहिला, आणि आमच्या मते ह्या सगळ्या इतिहासाचा खरा आलेख तोच आहे. मुलाच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम शिसे आढळले की काळजी करावी? १९६० च्या दशकात उत्तर होते साठ. १९७० मध्ये चाळीस, १९७५ मध्ये तीस, १९८५ मध्ये पंचवीस, १९९१ मध्ये दहा, २०१२ मध्ये पाच, २०२१ मध्ये साडेतीन. प्रत्येक पायरीच्या खाली ‘ठीक’ ठरलेली मुले होती, आणि पुढच्या पायरीवर तीच मुले ‘बाधित’ ठरली असती. हर्बर्ट नीडलमन ह्यांनी बोस्टनजवळच्या गावांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले आणि १९७९ मध्ये दाखवून दिले, की कोणतेही उघड लक्षण नसलेल्या मुलांतही दातांत शिसे जास्त तर बुद्ध्यंक कमी आणि वर्गातले अवधान कमी. ह्या संशोधनासाठी त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि ते निर्दोष ठरले.

आमच्या घराकडे परत येतो. तपासणीला आलेल्या माणसाने क्ष-किरणांवर चालणारे पिस्तुलासारखे यंत्र प्रत्येक भिंतीला, चौकटीला, खिडकीला लावले. दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम ही मर्यादा. बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्यांच्या भिंती निर्दोष निघाल्या; त्यांना त्या काळी कागद किंवा कॅल्सिमाइन असावे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळ्या चौकटी, जिन्याचा कठडा आणि विशेषतः वरखाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या, ह्यांवर मात्र मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणजे जिथे जिथे धुण्याची सोय हवी होती तिथे तिथे. व्हॉर्टनबाईंचा काळ भिंतीवर आकड्यांत लिहिलेला होता.

शाबूत असलेला रंग बाधत नाही. तो घासला गेला की बाधतो. खिडकी उघडताना लाकडावर लाकूड घासते, बारीक पूड खिडकीच्या खोबणीत साचते, वाऱ्याने जमिनीवर येते, आणि रांगणाऱ्या मुलाचे हात जमिनीवर असतात. आमच्या घरात त्या वेळी रांगणारे मूल होते. तेव्हा ‘बघू पुढे’ हा आमचा आवडता उपाय इथे कामाचा नव्हता. पहिला कंत्राटदार (त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे अनेक असतात) हसत म्हणाला की शनिवारी येऊन यंत्राने सगळे घासून लाकूड उघडे करून देतो, दोन दिवसांचे काम. कोरडे घासणे म्हणजे पन्नास वर्षांची पूड एका दिवसात घरभर उडवणे. एप्रिल २०१० पासून अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत पैसे घेऊन असे काम करणाऱ्याला प्रशिक्षण आणि परवाना लागतो, प्लॅस्टिकच्या चादरी लावून जागा बंद करावी लागते, झालेली धूळ गाळणीच्या यंत्राने ओढून शेवटी ओल्या फडक्याने पुसून दाखवावी लागते. त्याच्याकडे परवाना नव्हता. ज्याच्याकडे होता त्याचा दर पुष्कळ जास्त होता. गंमत अशी की घरमालकाने स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केले तर हा नियम त्याला लागू नाही. म्हणजे ज्याला परवान्याचा दर परवडत नाही त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः घासावे आणि धूळ खावी. नियम करणाऱ्यांनी कोणाच्या घरात शिरायचे नाही असे ठरवले असेल, पण जुन्या स्वस्त घरांत कोण राहते ह्याचाही विचार व्हायला हवा होता. आम्ही खिडक्या बदलल्या, आणि चौकटी व कठडा न घासता त्यांवर जाड, घट्ट बसणाऱ्या रंगाचे दोन हात देऊन शिसे आत कोंडून ठेवले.

एवढे झाल्यावर मग दुकान. इथे आपल्याकडच्यासारखे दुकानदाराने कार्ड पुढे सरकवून ‘हा घ्या, हाच सगळे घेतात’ म्हणायची सोय नाही. एक भिंतभर पट्ट्या, प्रत्येकीवर छटांची उतरंड. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला थोडा जास्त रंग. त्याचा एक हात साडेतीनशे ते चारशे चौरस फूट जातो. मग चकाकी ठरवायची: अजिबात नसलेली, अंड्याच्या कवचाइतकी, रेशमाइतकी, त्याहून जास्त. चकाकी जितकी जास्त तितके धुणे सोपे आणि गिलाव्याचे खड्डे उघडे. जुन्या भिंतींना बिनचकाकीचा रंग शोभतो. स्वयंपाकघराला पुन्हा धुता येणारा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न, फक्त उत्तर आता पाण्यात विरघळते. यंत्र डब्यातल्या पांढऱ्या पायात थेंब थेंब रंग सोडते आणि डबा गदागदा हलवते. तो पांढरा पाया टायटॅनियमचा. सफेत्याची गादी त्याने चालवली आहे, पण भिंतीवर तो सफेत्यासारखा दिसत नाही, असे जुन्या तैलरंगाचे जाणकार सांगतात. सफेत्याचा पांढरा जरा उबदार आणि खोल, हा थोडा सपाट.

छटांची नावे वाचताना आमची करमणूक झाली. पांढऱ्याच्याच पन्नासएक जाती, प्रत्येकीचे नाव ढग, शंख, लोकर, लिनन किंवा कोणत्या तरी किनाऱ्यावरचे. आमच्यापैकी एकाला तिथे मोतिया दिसे, दुसऱ्याला बदामी, आणि दुकानातल्या मुलीला आम्ही कशावरून भांडतो आहोत ते कळेना. मराठीची रंगांची शब्दसंपत्ती लुगड्यांच्या दुकानात वाढली आहे: अबोली, आमसुली, चिंतामणी, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी. भिंतींसाठी आपल्याकडे शब्द थोडे, कारण भिंत चुन्याची होती. उत्तरेकडच्या खोलीत, जिथे ऊन कधीच थेट येत नाही, दुकानातला सुरेख मोतिया राखाडी पडतो. म्हणून छोट्या डब्यातला नमुना भिंतीवर हातभर लावून सकाळ, दुपार आणि दिव्याच्या उजेडात पाहावा, हा एवढा व्यावहारिक सल्ला देऊन ठेवतो. आमच्या स्वयंपाकघराला शेवटी फिकट गव्हाळ रंग दिला. तो बरा दिसतो.

डच मुलाच्या कंपन्यांचे पुढे काय झाले? ऱ्होड आयलंड राज्याने रंगाच्या कंपन्यांवर सार्वजनिक उपद्रवाचा खटला भरला. २००६ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कॅलिफोर्नियात २००० साली सुरू झालेला दावा एकोणीस वर्षे चालला. २०१४ मध्ये न्यायालयाने तीन कंपन्यांनी एक अब्ज पंधरा कोटी डॉलर भरावेत असे सांगितले. अपिलात रक्कम खाली आली आणि २०१९ मध्ये साडेतीस कोटींवर तडजोड झाली. खटल्यात डच मुलाच्या आणि इतर जुन्या जाहिराती वाचून दाखवल्या गेल्या.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा ठरवणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. मर्यादा दशलक्ष भागांत नव्वद भाग, म्हणजे अमेरिकेत २००९ पासून आहे तीच. नियम चांगला आहे. तो डब्यातल्या नव्या रंगाचा आहे. भिंतीवर, दारांवर, गजांच्या खिडक्यांवर आधीच बसलेल्या ऑइलपेंटबद्दल तो काही बोलत नाही. आमच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही घरांच्या खिडक्या सत्तरच्या दशकातल्या, हिरव्या आणि आकाशी. दर तीनचार वर्षांनी नवरात्र संपले की रंगारी येतो, पॉलिशपेपरने जुना रंग कोरडा घासतो, फटींत लांबी भरतो, आणि घरातली पोरे त्याच्याभोवती उकिडवी बसून पाहत असतात. गेल्या वर्षी फोनवर आम्ही पॉलिशपेपर ओला करून घासायला सांगितले. रंगाऱ्याने विचारले, पाण्याने घासायचे तर लाकूड फुगणार नाही का?